तीन ग्रॅमची चिंधी

"दोन इंच रुंद आणि सोळा इंच लांब? यात शिवायचं काय? ही तर चिंधी झाली," आत्या म्हणाली. चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन तिने माझ्याकडे असं पाहिलं, की बावन्न वर्षांचा मी क्षणात सातवीतला झालो. नारायण पेठेतलं तिचं घर, खिडकीशी उषाचं मशीन, मशीनवर कुणाच्या तरी ब्लाउजची उसवलेली बाही. मी माप सेंटिमीटरमध्ये सांगितलं होतं. तिने ते मनातल्या मनात इंचांत केलं आणि निकाल देऊन मोकळी झाली.

चिंधी म्हणणं तसं चुकीचं नव्हतं. पन्नास मीटरच्या रायफल रेंजवर वारा दाखवायला जो फ्लॅग लावतात, त्याचं माप आंतरराष्ट्रीय नियमांत दिलेलं आहे: ५ सेंटिमीटर बाय ४० सेंटिमीटर. कापड सुती, चौरस मीटरला साधारण १५० ग्रॅम भरणारं. मागचं जे काही असेल त्यावर उठून दिसेल असा रंग. एक फ्लॅग नेमबाजापासून १० मीटरवर, दुसरा ३० मीटरवर. कागदावर गुणाकार केला तर एका फ्लॅगचं वजन येतं ३ ग्रॅम. आणि माझ्या रायफलीतून सुटणारं शिसं असतं ४० ग्रेनचं, म्हणजे २.६ ग्रॅम. हे लक्षात आलं त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नव्हती. नियम करणाऱ्यांनी हे काही ठरवून केलेलं नसणार. पण गोळी आणि तिला सावध करणारी चिंधी जवळजवळ एकाच वजनाच्या निघाव्यात, याची मला गंमत वाटली, अजूनही वाटते.

मी या खेळात मागच्या दाराने आलो. मुलगी चौदा वर्षांची असताना एअर रायफल शिकायला लागली. तिला सोडायला आणि आणायला मी जायचो. सोळाव्या वर्षी तिने रायफल ठेवली आणि इंजिनीअरिंगच्या क्लासला गेली. मी मात्र तिथेच राहिलो. घरी यावर पुरेसं बोलून झालेलं आहे.

एअर रायफलचं दहा मीटरचं टार्गेट चार भिंतींच्या आत असतं. तिथे वारा नाही, असलाच तर पंख्याचा. २०२४ च्या १ ऑगस्टला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं, म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायच्या प्रकारातलं, ब्राँझ मिळवलं, त्यानंतरच्या आठवड्यांत आमच्याकडे चौकशीला येणाऱ्या पालकांची रीघ लागली. त्यांतले बहुतेक जण त्या आतल्या हॉलमध्येच रमले. बाहेर पन्नास मीटरवर कुणी फारसं फिरकलं नाही. बाहेर ऊन आहे, डास आहेत आणि वारा आहे. नियमच असा आहे, की पन्नास मीटरच्या रेंजवर निदान पस्तीस मीटर तरी वर उघडं आभाळ हवं. वाऱ्याला खेळात जागा राखून ठेवलेली आहे म्हणा ना. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकारात, जगज्जेती झाली, ती या पन्नास मीटरवरच.

वाऱ्याचं काय घेऊन बसलात, असं मला पुष्कळ जण विचारतात. गोळी केवढ्या वेगाने जाते, तिला वारा काय करणार? खरं आहे, ती पन्नास मीटर जायला सेकंदाचा साधारण सहावा हिस्सा घेते. पण टार्गेटवरचा दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा आहे. शर्टाच्या बटणाएवढा. बाजूने सेकंदाला एक मीटरचा वारा वाहत असेल, म्हणजे गालाला जेमतेम कळेल इतपत, तर गोळी पाच-सहा मिलिमीटर सरकते. हल्ली गुण दशांशात मोजतात, अगदी मधोमधच्या गोळीला १०.९. त्या झुळकीने १०.९ चे १०.२ होतात आणि मारणाऱ्याला आपलं काय चुकलं तेही कळत नाही. हवामान खात्याने 'ताशी बारा किलोमीटर' म्हटलं, की आपण दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावतो. तोच वारा आडवा आला, तर दहाची गोळी आठात जाते.

त्यात तो नुसता आडवा ढकलत नाही. माझ्या बॅरलच्या आत गोळीला फिरवणाऱ्या ज्या खाचा असतात, त्यांना उजवा पीळ आहे. उजवीकडून वारा आला की गोळी डावीकडे जाता जाता थोडी वर चढते, डावीकडून आला की उजवीकडे जाता जाता खाली उतरते. घड्याळाच्या भाषेत दहा आणि चार. टार्गेटवर तिरका फराटा पडलेला दिसला की समजायचं, हात हलला नाही, वारा हलला. आणखी एक गोष्ट मला पटायला फार वेळ लागला: गोळी जास्त वेगाची घेतली तर ती वाऱ्यात कमी वाहील असं वाटतं, पण या रायफलीत उलटं होतं. आवाजापेक्षा वेगाने निघालेली गोळी वाटेत हवेशी जास्त झगडते, जास्त वेग गमावते आणि जितका वेग गमावते तितकी वाऱ्याच्या हाती सापडते. म्हणून मॅचचं ॲम्युनिशन मुद्दाम आवाजाच्या वेगाखालचं असतं. घाई करणारा जास्त भरकटतो, असं आत्या म्हणेल. मी तिला हे सांगितलेलं नाही.

तर फ्लॅग. सामन्यात फ्लॅग रेंजचे असतात. स्वतःचं काही लावायला सक्त मनाई. मग निवडायचं कशाला, असं कुणी विचारेल. सामन्यात नसेल, पण वर्षातले बाकीचे दिवस सराव करायचा असतो, आणि आमच्या रेंजवरचे फ्लॅग उन्हापावसाने इतके विटले होते, की मागच्या मातीच्या बांधात ते शोधावे लागत. एकाच्या शेपटीला गाठ पडलेली. ती गाठ कुणी सोडवत नव्हतं, कारण तो फ्लॅग कुणी बघतच नव्हतं. एकदा मी बोलून बसलो, की नवीन मी करून आणतो. पुण्यात असं बोलून बसलं की ते काम तुमचं होतं.

पहिली चूक मी लगेच केली. बोहरी आळीत गेलो आणि जमीन मोजणारे खुणेसाठी बांधतात तसली प्लॅस्टिकची रिबन घेऊन आलो. भडक नारिंगी, कागदापेक्षा हलकी, पुरा रीळ मिळूनही स्वस्त. अमेरिकेत बेंचरेस्ट म्हणून एक प्रकार आहे, त्यात रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवून एका भोकात गोळ्या घालायचा ध्यास घेतात. ते लोक स्वतःचे फ्लॅग स्वतः लावतात, चांगली रांगच्या रांग. खाली अशी रिबनची शेपटी, वर पुढे पाकळ्यांचं चक्र. आपणही तसंच करावं असं वाटलं. चक्रासाठी चतुःशृंगीच्या जत्रेत मिळतं तसलं भिरभिरं घेतलं. सायकलच्या चाकाची जुनी तार सरळ केली, ती बॉलपेनच्या रिकाम्या नळीत बसवली, झाली फिरती खुंटी. शनिवारी लावली. रविवारी सरावाची मॅच होती.

भिरभिऱ्याची गोष्ट दहा मिनिटांत संपली. ते फर्रर्र वाजायला लागलं, आणि शेजारच्या लेनमधल्या मुलीने मान न वळवता, अगदी गोड आवाजात विचारलं, "काका, जत्रा कधी उठणार आहे?" काढून टाकलं.

रिबन मात्र राहिली, आणि तिने माझा घात केला. प्रोनला साठ गोळ्या आणि पन्नास मिनिटं असतात. भरपूर वेळ असतो. मी पडलो, स्लिंग, म्हणजे रायफलीचा पट्टा, दंडाला कसली, साइटर, म्हणजे गुणांत न धरायच्या चाचणीच्या गोळ्या, मारले, ते ठीक गेले. मग रिबनकडे बघायला लागलो. ती हलतच होती. डावीकडे, जरा उजवीकडे, वर उडाली, पडली, पुन्हा डावीकडे. मी दम घ्यायचो, निशाण धरायचो, ट्रिगरवर बोट ठेवायचो आणि कोपऱ्यातून नारिंगी काहीतरी फडकायचं. रायफल खाली. पुन्हा दम. पुन्हा फडफड. घड्याळात तीस मिनिटं झाली तेव्हा माझ्या बावीस गोळ्या झाल्या होत्या. उरलेल्या अडतीस मी वीस मिनिटांत मारल्या, त्या कशा मारल्या असतील ते समजून घ्या. गुणांचा आकडा मी घरीही सांगितला नव्हता.

त्या दिवशी सामान आवरताना मामा आले. मामा म्हणजे रेंजवरचे सर्वेसर्वा. टार्गेटची देखभाल, गवत कापणं, कुलूप, चहा, सगळं त्यांच्याकडे. मूळचे मुळशीकडचे, घरची भातशेती. खोचकपणे बोलणं त्यांना जमत नाही. त्यांनी रिबनीचं टोक दोन बोटांत धरलं आणि म्हणाले, "साहेब, ही लई बोलती."

मग त्यांनी उफणणीचं सांगितलं. मळणी झाली की खळ्यावर वाऱ्याची वाट बघायची. सूप घेऊन तिवईवर उभं राहायचं. आधी मूठभर भुसा सोडून बघायचा. "झुळूक आली की लगी सूप हालवलं तर निम्मं भात भुश्यात जातंय. झुळकंला भुलायचं न्हाई. वारं लागू द्यायचं. लागलं की मंग सूप सोडायचं, आन ते पडलं की थांबायचं." मी विचारलं, वारं लागलं हे कळतं कसं? त्यांनी थोडा विचार केला. "भुसा एकाच जागी पडाय लागतो."

आमच्या खेळात यालाच कंडिशन म्हणतात. वाऱ्याची जी तऱ्हा त्या दिवशी वारंवार परत येते ती ओळखायची, त्या तऱ्हेला साइट, म्हणजे रायफलीवरचं नेम धरायचं साधन, लावून ठेवायची, आणि ती परत आली की मारायचं. बाकी वेळ पडून राहायचं. दुसरा मार्ग म्हणजे दर बदलाला साइटच्या क्लिक, म्हणजे नेम जरा जरा सरकवणारे टप्पे, फिरवत बसायचं. मोठे खेळाडू दोन्ही करतात. माझ्यासारख्याने पहिलं करावं. पण त्यासाठी फ्लॅग असा हवा, की त्याने झुळूक गिळून टाकली पाहिजे आणि वारं लागलं की मात्र ते सांगितलं पाहिजे. मी फ्लॅगकडे शेवटचं पाहिल्यापासून गोळी सुटेपर्यंत पाच-सहा सेकंद जातात. नजर टार्गेटवर येते, श्वास सुटतो, बोट दाबत जातं. तेवढ्या अवधीत रिबन तीन वेळा मत बदलते. तिचं प्रत्येक मत खरंच असतं, खोटं ती बोलत नाही. पण ते खरं माझ्या उपयोगाचं नाही, कारण माझं बोट तेवढं चपळ नाही. सुती कापड ओढूनताणून उठतं, सावकाश बसतं, मधली फडफड त्याच्यात जिरून जाते. मला माझ्याइतकाच मंद फ्लॅग हवा होता. हे कळायला मला एक मॅच घालवावी लागली, आणि कळल्यावर मी नारायण पेठेत आत्याकडे गेलो.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. बंदुका तिला आवडत नाहीत, पण कापड आवडतं. "म्हणजे फार हलायला नको आणि मढ्यासारखं लोंबायलाही नको," ती म्हणाली. "साडीसारखं." आणि उठून तिने खालच्या कप्प्यातून फॉलची घडी काढली. फॉल लावायचा तो साडी सळसळू नये, निऱ्या सरळ पडाव्यात म्हणून. कापडाने किती हलावं याचा हिशोब ती पन्नास वर्षं करत आली आहे. मी इंटरनेटवर दोन आठवडे काढले होते.

टेबलफॅन मांडला. जमिनीवर खडूने फुटाफुटावर रेघा मारल्या. खुर्चीच्या पाठीला सायकलची तार बांधली आणि एकेक कापड अडकवत गेलो. फॅन लांबून सुरू करायचा आणि रेघ रेघ जवळ आणायचा. मलमल पहिल्याच रेघेला उठली, रिबनची सख्खी बहीण. साटीनची पट्टी चकचकीत, पण कडा गुंडाळून तिची नळी व्हायची आणि नळी काही दिशा दाखवत नाही. माझ्या जुन्या जीन्सची पट्टी शेवटच्या रेघेपर्यंत हलली नाही. आत्या म्हणाली, "हा तुझ्या काकांसारखा आहे." काका आतल्या खोलीत पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटलं. फॉल चांगला चालला, अगदी मनासारखा, पण तो सुती असला तरी अंगाने पातळ. सोनाराच्या काट्यावर पट्टी टाकून पाहिली (लक्ष्मी रोडला आत्याचा ओळखीचा सराफ आहे, त्याने गंमत म्हणून मोजून दिली), तर ती दोन ग्रॅमही भरेना. मग आला मांजरपाट.

मांजरपाट नवा आणला तेव्हा तो पुठ्ठ्यासारखा ताठ होता. तारेवर अडकवला तर पाटीसारखा एका बाजूला वळून उभा राहिला, फॅन बंद केला तरी तसाच. मी तो बाद करणार होतो. आत्याने माझ्या हातातून काढून घेतला. "अरे, खळ आहे त्यात. धुतल्याशिवाय कापडाचा स्वभाव कळतो का?" रात्रभर पाण्यात, सकाळी गरम पाण्यातून, पुन्हा एकदा. त्याच पाण्यात तिने रंगाची पुडी सोडली. रंग कोणता, यावर आम्ही थोडे भांडलो. आमच्या रेंजच्या मागे मातीचा बांध आहे. पावसाळ्यात तो हिरवा, मार्चनंतर तांबडा-करडा. हिरवा, तपकिरी, भगवा, पिवळा, सगळे कुठल्या ना कुठल्या महिन्यात त्यात बुडतात. भगवा मला मनापासून हवा होता, पण वैशाखात वाळलेल्या गवतावर तो पाच-सहा पावलांच्या पुढे नीट दिसत नाही. शेवटी राणी कलर. बांध कुठल्याच ऋतूत राणी रंगाचा होत नाही.

वाळल्यावर इस्त्री न करता लावला. पुन्हा फॅन, पुन्हा रेघा. दुसऱ्या रेघेपर्यंत तो नुसता टोक हलवायचा, तिसरीला अंग उचलायचा, चौथीला तिरका धरायचा आणि तिथेच राहायचा. फॅन मान फिरवून पुन्हा समोर आला की एक क्षण थांबून उठायचा. कडेची दुमड धरून काट्यावर तीन ग्रॅमच्या किंचित वर भरला. म्हणजे इतका खटाटोप करून मी नियमपुस्तकातच लिहिलेल्या कापडावर येऊन पोचलो. हे मी कुणाला सांगत नाही. पण तिथे नुसतं वाचून पोचलो असतो, तर गाठ पडलेल्या जुन्या फ्लॅगसारखाच तोही मी कधी पाहिला नसता.

लावतानाची एक गोष्ट सांगतो, कारण ती बहुतेकांकडून चुकते, माझ्याकडूनही चुकली. दोन फ्लॅग असले की नजर आपसूक लांबच्या फ्लॅगवर जाते. तो टार्गेटजवळ, साइटच्या रेषेत, बघायला सोयीचा. आणि वाटतं, गोळी टार्गेटला पोचते तिथला वारा महत्त्वाचा. तसं नाही. पहिल्या दहा मीटरांत वाऱ्याने गोळीची वाट जरा वाकवली, तर उरलेले चाळीस मीटर ती त्या वाकड्या वाटेनेच जाते. टार्गेटपाशी वाकवली तर वाकून जाणार कुठे? तिथे टार्गेटच आलं. जवळचा फ्लॅग मोठा भाऊ. मी दोन हिवाळे लांबच्या फ्लॅगवर विसंबून मारत होतो आणि तिरका फराटा पडला की ॲम्युनिशनला दोष देत होतो. आता जवळचा असा लावतो, की प्रोनमध्ये पडल्यावर डोकं न हलवता, नुसत्या नजरेने तो दिसावा, टार्गेट मात्र अडू नये. आणि उंची गोळीच्या वाटेजवळची. पन्नास मीटरचं टार्गेट पाऊण मीटर उंचीवर असतं, म्हणजे आपल्या मांडीला येईल इतकं. फ्लॅग डोक्यावर लावला तर तो कुठल्या तरी दुसऱ्याच गोळीचा वारा सांगेल.

यावरून आठवलं. शिवाजीनगरला सिमला ऑफिसवरून जाताना मी हल्ली मनातल्या मनात नमस्कार करतो. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून त्या इमारतीचं आणि चौकाचं नाव सिमला ऑफिस. साऱ्या देशाचा वारा मोजायचं काम या गावात इतकी वर्षं चालू आहे. पण त्यांचा वारा उघड्या जागी, दहा मीटर उंचीवर मोजलेला. माझा वारा मांडीच्या उंचीवरचा, मातीच्या दोन बांधांमधला. त्यांच्यात आणि माझ्यात नऊ मीटरचा फरक, आणि त्या नऊ मीटरांत वारा काय काय उद्योग करतो! बांधावर आपटून परत फिरतो. शेडच्या खांबाला वळसा घालतो. अलीकडे पश्चिमेला उंच टॉवर उभे राहिलेत, तेव्हापासून आमच्याकडे येणारा वारा तुटून येतो. पूर्वी लांब श्वासासारखा यायचा, आता उचकीसारखा येतो. कधी जवळचा फ्लॅग डावीकडे आणि लांबचा उजवीकडे. मामांना विचारलं तर म्हणतात, "दोघं भांडल्यात. थांबा."

पुण्याच्या वाऱ्याचं वेळापत्रक मला आता बरंच पाठ झालंय. कार्तिक ते माघ सकाळी तो जवळजवळ नसतो. फ्लॅग सरळ खाली, धुकं जमिनीला चिकटलेलं, आणि तेव्हा मारलेले गुण खरे मानू नयेत. साडेनऊ-दहाला ऊन जमिनीत मुरलं की तो तुकड्यातुकड्यांनी उठतो. चैत्र-वैशाख सगळ्यांत वाईट, दुपारी कुठूनही वावटळ येते, फ्लॅग स्वतःभोवती फिरतो, आणि मग चारनंतर घाट चढून पश्चिमेचा वारा आला की सगळे हुश्श करतात. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे हे दोन मार्कांसाठी पाठ केले होते. त्यातले खारे वारे उन्हाळ्याच्या संध्याकाळी माझ्या लेनमध्ये येऊन माझ्या गोळ्या दोन मिलिमीटर सरकवतात, हे तेव्हा बाईंनी सांगितलं असतं तर भूगोल बरा झाला असता.

आणि आषाढ. पावसाळ्यात मारायला कुणी फारसं येत नाही, कारण तेव्हा वारा जोराचा असतो. मला तोच आवडायला लागलाय. जोराचा असतो, पण शब्दाचा पक्का. पश्चिमेकडून एकदा लागला की तास तास लागलेला. साइटवर क्लिक द्यायच्या आणि मारत राहायचं. फक्त फ्लॅग भिजतो. भिजलेली तीन ग्रॅमची चिंधी काही तीन ग्रॅमची राहत नाही, काठीला चिकटते आणि वारा नाही म्हणून शपथेवर सांगते. म्हणून आत्याकडून सहा करून घेतले. दोन लावलेले, दोन कोरडे डब्यात, दोन धुण्यात. पाऊस थांबला की बदलायचे.

आता राहिली रिबन. ती मी फेकलेली नाही. वर्षातून काही दिवस राणी फ्लॅगच्या शेजारी तिला मुद्दाम लावतो आणि न मारता नुसता बघत बसतो. रिबन आधी उठते, कापड नंतर. कधी अर्ध्या सेकंदाने, कधी जास्त. कधी रिबन नाचून दमते आणि कापड उठतच नाही. कापड कुठे मागे राहतं आणि काय गिळतं ते अशा वेळी कळतं. सामन्यात रिबन नसते. पण कापड जरासं टोक हलवतं तेव्हा त्याच्या पोटात काय चाललं असेल, याचा थोडा अंदाज येतो. आमच्या सरांना हे वेळ घालवणं वाटतं. त्यांच्या मते त्या वेळात होल्डिंगचा, म्हणजे रायफल न हलवता धरून ठेवायचा, व्यायाम करावा. माझ्या पोटाकडे बघता त्यांचंही बरोबर असेल.

सहांपैकी एक फ्लॅग आत्याने ठेवून घेतला. गॅलरीत बांबूच्या काठीला लावलाय, माझ्याकडून सायकलची तार आणि पेनची नळी मागून घेऊन. मागच्या रविवारी सकाळी पावणेसातला मी जॅकेट गाडीत ठेवत होतो, तेव्हा तिचा फोन आला.

"अरे, ऐकतोस का? तुझी चिंधी ओंकारेश्वराकडे पाठ करून उडतेय."

"म्हणजे पश्चिमेचा नाही गं, आज जरा वेगळा दिसतोय."

"तेच सांगते. पण समोरच्यांच्या दोरीवर टॉवेल आहे ना, तो बरोबर उलटा उडतोय. कुणाचं खरं मानायचं?"

"जवळ असेल त्याचं," मी म्हटलं.

ती थोडा वेळ गप्प होती. बहुधा गॅलरीत पुढे जाऊन बघत असावी.

"मी स्वयंपाकघरात उभी आहे," ती म्हणाली. "इथून टॉवेल जवळ आहे."